झाकणावरचे पाणी

भाजी मंद आचेवर शिजत ठेवायची तर कढईवर ताटली उताणी ठेवून तिच्यात वाटीभर पाणी घालायचे, ही मराठी स्वयंपाकघरातली जुनी रीत. भाजी तळाला लागत नाही आणि वरून पाणीही घालावे लागत नाही. ताटलीखाली काय चालले आहे ते पाहायला कोणी झाकण उचलत नाही, आणि उचलले तर खेळच मोडतो. तळाशी भाजीतल्या पाण्याची वाफ होते, ती वर जाते, ताटलीच्या गार बुडाला टेकून पुन्हा पाणी होते आणि थेंबाथेंबाने खाली उतरते. दहा मिनिटांनी ताटलीतल्या पाण्यात बोट बुडवले तर चटका बसतो. पुष्कळ घरांत तेच कढत पाणी लागेल तसे भाजीत घालतात. तळाची उष्णता ताटलीपर्यंत कोणी नेली? वाफेने. आणि वाफेला वर कोणी ढकलले? उष्णतेनेच.

पुढच्या पानांवर ज्या साधनाची ओळख होणार आहे, ते म्हणजे हीच कढई बोटाएवढी बारीक करून, आतली हवा काढून, दोन्ही टोकांना कायमची बंद केलेली. त्याचे नाव हीट पाइप. ‘उष्मानलिका’ असा प्रतिशब्द करता येतो, पण लॅपटॉप उघडून बसलेला कारागीर किंवा गच्चीवर सोलर बसवणारा फिटर तो कधी उच्चारणार नाही, म्हणून इथेही हीट पाइपच.

रचना सांगायला दोन ओळी पुरतात. तांब्याची पोकळ नळी घ्यायची, आत थोडेसे पाणी ठेवायचे, हवा उपसून काढायची आणि नळी सीलबंद करायची. हवा नसल्यामुळे आत पाण्याची वाफ सोडून दुसरे काही उरत नाही, दाब खूप कमी असतो, आणि पाणी उकळायला शंभर अंशांची वाट पाहत नाही. वातावरणाच्या एकपंचमांश दाबाला ते ६० अंशांवरच उकळते. एक टोक तापले की तिथल्या पाण्याची वाफ होते, दाब किंचित वाढतो, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पाणी होते आणि बरोबर आणलेली उष्णता टाकून देते. आता त्या पाण्याला माघारी आणायचे. नळी उभी असेल आणि तापलेले टोक खाली असेल तर ते काम गुरुत्वाकर्षण करते, जसे कढईत होते. अशा साध्या नळीला थर्मोसायफन म्हणतात. पण नळी आडवी असेल, उलटी असेल, किंवा जिथे वर-खाली असे काही नसतेच अशा अवकाशात असेल तर? तिथे समई कामाला येते. समईत तेल खाली आणि ज्योत वर; तेल चढते ते वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून, कोणी न चढवता. हीट पाइपच्या आतल्या भिंतीलाही अशीच वात असते: कधी तांब्याची बारीक जाळी, कधी लांबीला समांतर कोरलेल्या खाचा, कधी तांब्याची भुकटी भट्टीत भाजून भिंतीला चिकटवलेला सच्छिद्र थर. ज्योतीच्या जागी तापलेले टोक, तेलाच्या जागी पाणी. फरक एवढाच की समईतले तेल संपते आणि इथले पाणी फिरून फिरून तेच राहते.

आता हे सगळे कशासाठी, तांब्याची भरीव कांडी काय वाईट, असा प्रश्न रास्त आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक म्हणून शाळेपासून माहीत असते. पण आकडे मांडले की ही कीर्ती जरा उतरते. एक सेंटिमीटर जाडीच्या, ३० सेंटिमीटर लांबीच्या तांब्याच्या कांडीतून २० वॉट उष्णता न्यायची असेल तर दोन टोकांच्या तापमानात सुमारे १९० अंशांचा फरक ठेवावा लागतो. घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढ्या उष्णतेसाठी एवढा खटाटोप! त्याच मापाच्या हीट पाइपला थोड्याच अंशांचा फरक पुरतो.

याचे रहस्य पाण्याच्या सुप्त उष्णतेत आहे. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ओळखली. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७. म्हणजे पाचपटीहून जास्त. तापमापकाचा पारा तसूभर न हलता ही सगळी ठेव वाफेत जमा होते आणि वाफ जिथे पाणी होईल तिथे जशीच्या तशी परत मिळते. कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त पोळतो तो याच कारणाने. हिशेब केला तर ४५ वॉटची उष्णता वाहायला मिनिटाला जेमतेम सव्वा ग्रॅम पाण्याने ये-जा केली तरी पुरते. लॅपटॉपच्या नळीतले पाणी पोह्याच्या चमच्यातूनसुद्धा सांडणार नाही इतके थोडे असते. तेवढे पाणी वर्षानुवर्षे खेपा घालत राहते.

‘स्वयंचलित’ म्हटले की शंकेची पाल चुकचुकते, आणि ते योग्यच आहे. फुकट चालणारे यंत्र असल्याची बतावणी करणारे लोक प्रत्येक शतकात झाले. हीट पाइप त्या जातीची नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला डिझेल लागत नाही, कारण पाणी उंचावरून येते. तशी ही उष्णतेच्या उतारावर चालते. एक टोक गरम आणि दुसरे गार असले तरच वाफ धावते. दोन्ही टोके सारखी झाली की सगळे ठप्प. गार जागेकडून गरम जागेकडे उष्णता चढवायची असेल तर फ्रिज लागतो, आणि फ्रिजला वीज. हीट पाइपला चढण जमत नाही. उतारावर मात्र तिच्यासारखा हमाल नाही.

गंमत अशी की चढण आणि उतार या दोन्ही वाटा एकाच घराण्यातून निघाल्या. जेकब पर्किन्स हा अमेरिकेतून लंडनला गेलेला कल्पक कारागीर. त्याने १८३४ साली वाफ दाबून थंडावा निर्माण करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या फ्रिजचे ते मूळ. त्याच्या मुला-नातवांनी पोलादी नळ्यांचा नाद धरला. एकोणिसाव्या शतकात ‘पर्किन्स ट्यूब’ या नावाने ओळखली गेलेली ती जाड नळी थोडे पाणी घालून बंद केलेली असे. एक टोक भट्टीच्या जाळात, दुसरे पावाच्या कोठीत. जाळ एका बाजूला, पाव दुसऱ्या बाजूला, मधे फक्त वाफ. पावावर काजळी बसत नसे, आणि आच सगळीकडे सारखी लागे. युरोपातल्या बेकऱ्यांत अशा वाफनळ्यांच्या भट्ट्या पुढे दीर्घकाळ चालल्या. त्या नळ्या जाड असण्याला कारण होते: ३०० अंशांवर बंद नळीतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे ८५ पट होतो. बेकरीवाल्याला हे आकडे ठाऊक असण्याची गरज नव्हती, नळी करणाऱ्याला मात्र होती.

पर्किन्सच्या नळीत वात नव्हती. ती आली अमेरिकेत, जनरल मोटर्समध्ये. तिथल्या रिचर्ड गॉगलर या अभियंत्याने १९४२ मध्ये अर्ज केला आणि १९४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याच्यापुढची अडचण फ्रिजमधली होती. गार करायची जागा वर, उष्णता टाकायची जागा खाली. तेव्हा द्रव खाली जमणार आणि तो वर चढवायला काहीतरी खर्च करावा लागणार. खर्च न करता चढवायचा तर वात, हे त्याने नेमके ओळखले. कंपनीने ते वापरले नाही. कागद फाइलीत पडून राहिला. यात कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही; फ्रिजमध्ये वीज आणि कॉम्प्रेसर हाताशी होतेच, मग वातीचे कौतुक कोणाला? उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असे शास्त्रात पुष्कळदा होते.

प्रश्न आला वीस वर्षांनी, आणि आला तो आकाशातून. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर अवकाशात वीज निर्माण करणाऱ्या अणुभट्ट्यांचा विचार करत होते. अवकाशात हवा नाही, म्हणजे पंखा निरुपयोगी. पंप बिघडला तर दुरुस्तीला जाणार कोण? १९६३ मध्ये ग्रोव्हरनी गॉगलरच्या पेटंटची वार्ता नसताना तीच नळी नव्याने बनवली, आधी पाण्याची आणि मग वितळलेल्या सोडियमची. पुढच्या वर्षी टी. पी. कॉटर आणि जी. एफ. एरिक्सन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ती जगापुढे मांडली आणि तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिले. यावेळी मात्र फाइल बंद झाली नाही. एप्रिल १९६७ मध्ये पाण्याची एक हीट पाइप अ‍ॅटलस-एजिना रॉकेटवरून अवकाशात गेली; परत आली नाही, पण तिथून आकडे पाठवून गेली: वजनरहित अवस्थेत वात काम करते. १९६८च्या जिओस-२ उपग्रहावर तिला नोकरीच मिळाली. उपग्रहाची एक बाजू उन्हात भाजत असते आणि दुसरी काळोखात गोठत; दोन्हींना जोडणारी बिनआवाजी नळी म्हणजे अभियंत्यांना देवाने दिलेली देणगीच. आज उपग्रहांच्या पॅनेलमध्ये खाचांच्या अ‍ॅल्युमिनियम नळ्या अमोनिया भरून सर्रास बसवलेल्या असतात.

या विषयातले सर्वांत भव्य उदाहरण मात्र जमिनीवरचे आहे, आणि त्यात वातही नाही.

अलास्काच्या उत्तर टोकाला प्रुडो बे इथे तेल सापडले. ते दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरात, जिथला समुद्र गोठत नाही तिथे, आणायचे म्हणजे सुमारे १,२९० किलोमीटरची पाइपलाइन. नळ चार फूट व्यासाचा, आत ६० अंशांच्या घरातले गरम तेल, आणि वाटेत बरीचशी जमीन कायमची गोठलेली. अशा जमिनीत बर्फ हेच सिमेंट असते. गरम नळ पुरला तर बर्फ वितळणार, जमिनीचा चिखल होणार आणि नळ खचणार. म्हणून अर्ध्याहून अधिक लांबी, सुमारे ६७५ किलोमीटर, जमिनीवर खांब रोवून उचलून धरली. पण खांबही त्याच जमिनीत उभे आणि बांधकामाने वरचे गवत-शेवाळाचे पांघरूण फाटलेले. तेव्हा उन्हाळ्यात तेही डळमळायचे. उपाय म्हणून ७८,००० खांबांपैकी बहुतेकांत दोन-दोन नळ्या सोडल्या. एकूण १ लाख २० हजारांहून अधिक. प्रत्येकीत अमोनिया, डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांचा झुपका. छायाचित्रात पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभे दिसणारे ते तुरे म्हणजे या नळ्यांची डोकी.

त्या नळ्यांचे वागणे पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यात वर हवा उणे ३०-४० अंश, खाली जमीन शून्याच्या जरा खाली. म्हणजे जमीन ही ‘गरम’ बाजू! वर थंडीने अमोनियाची वाफ आटून द्रव होते, दाब पडतो, खालचा अमोनिया उकळतो, जमिनीतली उष्णता घेऊन वर जातो, पंखांतून वाऱ्यावर सोडून देतो आणि भिंतीवरून ओघळत परत येतो. सगळा हिवाळा जमीन अशी अधिकाधिक गोठवली जाते. उन्हाळा आला की हवा गरम होते, अमोनिया खाली गार जागी पडून राहतो, वर वाफ आटत नाही आणि नळी आपोआप झोपी जाते. उन्हाळ्याची उष्णता ती खाली नेत नाही. बटण नाही, झडप नाही, पहारेकरी नाही. तरी फक्त एकाच दिशेने काम. पंपावर हे काम सोपवले असते तर सव्वा लाख पंपांना वीज द्यावी लागली असती, आणि ध्रुवीय रात्री बिघडलेला एकेक पंप शोधत फिरावे लागले असते. २० जून १९७७ रोजी तेल सोडले गेले, २८ जुलैला ते व्हाल्डीझला पोचले, आणि नळ्या तेव्हापासून चालू-बंद, चालू-बंद करत आहेत.

गोठलेल्या जमिनीसाठी ही युक्ती आधी वापरली ती अर्विन लाँग या अभियंत्याने, त्याच अलास्कात, १९६०च्या सुमारास. पुढे ती दूरवर गेली. १ जुलै २००६ला सुरू झालेल्या गोलमुड ते ल्हासा या १,१४२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गात सुमारे ५५० किलोमीटर गोठलेली जमीन आहे. तिथे रुळांच्या भरावाशेजारी अशाच नळ्या रोवलेल्या दिसतात. कॅनडात यलोनाइफजवळच्या जायंट या सोन्याच्या खाणीचे प्रकरण जास्त गंभीर. सोने काढताना भाजलेल्या खनिजातून निघालेली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची विषारी धूळ तिथे जमिनीखालच्या कोठारांत साठली आहे. ती पाण्यात विरघळते आणि शेजारी मोठा तलाव आहे. बाहेर काढणे धोक्याचे, तशीच सोडणे त्याहून धोक्याचे. म्हणून कोठारांभोवतालचा खडक थर्मोसायफनांनी गोठवून ठेवायचा, असा मार्ग निवडला गेला. विष पिढ्यान्‌पिढ्या राहणार, आणि त्याच्यावर पहारा बिनविजेच्या नळ्यांचा.

इतके गुणगान झाल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही प्रस्तावना विक्रेत्याचे पत्रक व्हायची. हीट पाइपचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत राहिलेला किंवा आत तयार झालेला, न आटणारा वायू. वाफ त्याला गार टोकाकडे ढकलत नेते आणि तो तिथे बूच मारल्यासारखा बसतो. नळी बाहेरून धडधाकट, आतून अर्धी मेलेली. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत पाणी भरले तर दोघांच्या भांडणातून हायड्रोजन निघतो. म्हणून पाण्याची सोयरीक तांब्याशी आणि अमोनियाची अ‍ॅल्युमिनियमशी. अलास्कातही कित्येक नळ्यांत हायड्रोजन साचला आणि त्यांच्यावर दुरुस्तीचे काम करावे लागले. दुसरी मर्यादा वातीची. उष्णता फार झाली तर पाणी उडते जास्त आणि परतते कमी; गरम टोक कोरडे पडते आणि मग समईची वात जळावी तसा प्रकार होतो. तिसरी, उतार उरायला हवा. अलास्कातले हिवाळे सौम्य होत चालले तशी नळ्यांची कामाची मुदत आखडते. २०२१ मध्ये फेअरबँक्सपासून काही अंतरावर एका उतारावरची गोठलेली जमीन सैल होऊन पाइपलाइनचे आधार वाकू लागले. तिथे जमीन पुन्हा घट्ट करायला सुमारे १०० नवे थर्मोसायफन बसवायला मंजुरी द्यावी लागली. ज्या तेलाच्या वाहतुकीसाठी हा खटाटोप, त्याच तेलाच्या धुराने नळ्यांपुढे ही अडचण उभी केली, हे इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

या मर्यादांशी झगडतानाच विषयाच्या नव्या फांद्या फुटल्या. सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात १९७२ मध्ये गेरासिमोव्ह आणि मायदानिक यांनी वाफेची वाट आणि पाण्याची वाट वेगळी केली. ती ‘लूप हीट पाइप’. एकाच नळीत वाफ एका दिशेला आणि द्रव उलट्या दिशेला, ही धक्काबुक्की टळली. जपानच्या हिसातेरू आकाची यांनी १९९०च्या सुमारास वातच काढून टाकली. केसासारखी बारीक नव्हे, पण दोन-तीन मिलिमीटरची नळी नागमोडी वळवायची. आत द्रवाचे आणि वाफेचे तुकडे आलटून पालटून अडकतात आणि उष्णता लागली की हे तुकडे मागेपुढे उसळू लागतात. दिसायला सोपी, गणिताला अत्यंत खट्याळ. कानपूरच्या आयआयटीत समीर खांडेकर यांनी याच स्पंदणाऱ्या नळीवर दीर्घकाळ काम केले, आणि या शाखेतल्या कुठल्याही गंभीर वाचनात त्यांचे नाव भेटतेच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही नळी शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्चीवर काळ्या काचनळ्यांचे सोलर वॉटर हीटर ओळीने मांडलेले असतात. त्यांतल्या बहुतेकांत काचेच्या नळीत पाणीच फिरते. काहींत मात्र प्रत्येक काचनळीच्या पोटात तांब्याची एक बारीक हीट पाइप असते आणि तिचे फुगीर डोके वरच्या टाकीत किंवा आडव्या नळात खोचलेले असते. खालून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो काच फुटल्यावर: पहिल्यात टाकी रिकामी होते, दुसऱ्यात एक नळी बदलली की झाले. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरांत आणखी एक फायदा, काचनळ्यांच्या आत क्षारांचा थर चढत नाही, कारण तिथे पाणी जातच नाही. आणि रात्री टाकीतली उष्णता नळ्यांवाटे आकाशाला परत जात नाही. अलास्कातला एकदिशा मार्ग इथे गच्चीवर उपयोगी पडतो.

ग्रोव्हरना हवी असलेली अणुभट्टी कुठे गेली, हा धागा मागे सुटला होता. तिला पंचावन्न वर्षे लागली. मार्च २०१८ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ‘क्रस्टी’ नावाची छोटी अणुभट्टी सलग २८ तास चालवून पाहिली गेली, चंद्रावर किंवा मंगळावर वीज पुरवता येईल का ते तपासायला. युरेनियमच्या गाभ्यापासून स्टर्लिंग इंजिनांपर्यंत उष्णता नेत होत्या सोडियम भरलेल्या आठ हीट पाइप. गाभ्यातली उष्णता बाहेर आणायला पंप नव्हता.

पुढच्या प्रकरणांत समीकरणे येतील, आलेख येतील, वातीच्या छिद्रांची मापे येतील. त्याआधी एक प्रयोग करून घ्यावा. बंद पडलेल्या लॅपटॉपमधली चपटी तांब्याची नळी कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात भंगाराच्या डब्यात मिळते. तिचे एक टोक कढत पाण्याच्या कपात बुडवायचे आणि दुसरे चिमटीत धरायचे. शेजारी तेवढीच तांब्याची पट्टी तशीच धरायची. पट्टी कोमट व्हायला वेळ लावते, नळी काही सेकंदांतच हातातून सोडावी लागते. गॅसच्या ज्योतीवर ती चुकूनही धरू नये. पर्किन्सच्या नळ्या जाड होत्या, ही कागदासारखी पातळ आहे आणि फुटते. मग गार झाल्यावर कानशीने कापून पाहावी. पाणी सांडेल म्हणून खाली वाटी धरलेली असते, पण वाटीत काही पडत नाही. आतली तांबूस, खरखरीत भिंत बोटाला नुसती ओलसर लागते.